न दिसणाऱ्या पाण्याचा हिशेब

वॉर्डातल्या गंभीर रुग्णाच्या खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो. दिवसभरात रुग्णाच्या पोटात आणि शिरेतून किती पाणी गेले, लघवी किती झाली, उलटी-जुलाबावाटे किती बाहेर पडले, हे परिचारिका त्यात लिहीत जातात. दिवसाच्या शेवटी बेरीज-वजाबाकी होते. पण या हिशेबात एक रक्कम अशी असते, जी कुणीही मोजलेली नसते. त्वचेतून आणि श्वासातून नकळत उडून जाणारे पाणी. धडधाकट प्रौढ माणसात ते दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर असते. ताप चढला की दर अंशाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णात तर ते कित्येक पट होते. ते धरून ठेवायला भांडे नाही. डॉक्टरला त्याचा अंदाजच करावा लागतो आणि त्या अंदाजावर सलाइन किती द्यायचे हे ठरते. अंदाज कमी पडला तर मूत्रपिंडावर ताण येतो, जास्त झाला तर फुप्फुसांत पाणी साचते.

मोठ्या जलाशयाचा ताळेबंदही असाच असतो. नदीतून किती पाणी आले, कालव्यात किती सोडले, शहराच्या नळयोजनेने किती उचलले, याची मोजदाद करता येते. उन्हाने किती नेले, हे मात्र कुठल्याही मीटरवर दिसत नाही. गेल्या काही दशकांत हा आकडा काढण्याचे काम संगणकीय प्रारूपे, म्हणजे रोजच्या बोलीत ज्यांना आपण मॉडेल म्हणतो ती, करू लागली आहेत. हा विषय हवामानशास्त्रज्ञांचा वाटेल. पण मे महिन्यात नळाला दोन दिवसांआड पाणी येणार की आठ दिवसांआड, याचा संबंध त्याच आकड्याशी आहे, आणि त्याचे परिणाम शेवटी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन उभे राहतात.

एका मिलिमीटरची किंमत

आपल्याकडचे ठळक उदाहरण पैठणच्या नाथसागराचे. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय राज्यातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक. एकूण साठवण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी; त्यातले ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठ्यात. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांचे पिण्याचे पाणी, औद्योगिक वसाहती आणि मराठवाड्यातली मोठी शेती त्यावर अवलंबून आहे.

धरण भरले की पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. क्षमतेला क्षेत्रफळाने भागले की सरासरी खोली जेमतेम आठ मीटर निघते. म्हणजे नाथसागर ही खोल विहीर नसून उन्हात ठेवलेली पसरट परात आहे. अशा परातीतून एक मिलिमीटर पाणी उडाले, तर तेवढ्यातच ३५ कोटी लिटर जातात. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा थोडे जास्त. उन्हाळ्यात रोज असे अनेक मिलिमीटर जातात. तेव्हा अंदाजात एका मिलिमीटरची चूक ही किरकोळ चूक राहत नाही.

तांब्याचे पात्र आणि त्याची मर्यादा

पूर्वापार पद्धत साधी आहे. हवामान केंद्राच्या आवारात सुमारे चार फूट व्यासाचे आणि दहा इंच खोलीचे पाण्याचे पात्र ठेवायचे आणि रोज सकाळी पातळी किती उतरली ते पाहायचे. भारतीय प्रमाणाचे पात्र तांब्याच्या पत्र्याचे असते आणि त्यावर जाळी घातलेली असते, कारण उघडे पात्र दिसले की पक्षी पाणी प्यायला येणारच.

अडचण अशी की हे पात्र तलावापेक्षा जास्त पाणी गमावते. त्याचा पत्रा बाजूने तापतो. त्यावरून सतत जमिनीवरची कोरडी हवा वाहते. तलावावरून जाणारी हवा मात्र पाण्यावरून सरकता सरकता ओलसर होते आणि तिची ओलावा शोषण्याची भूक मंदावते. म्हणून पात्राच्या आकड्याला एका गुणांकाने गुणावे लागते. हा गुणांक काढण्यासाठी अमेरिकेत १९५०-५१ साली ओक्लाहोमा शहराला पाणी पुरवणाऱ्या हेफनर तलावावर मोठा अभ्यास झाला. हा तलाव मुद्दाम निवडला गेला, कारण त्यात येणारे आणि त्यातून जाणारे पाणी नेमके मोजता येत होते. वर्षभराचा गुणांक ०.७ च्या आसपास निघाला. पण महिन्यागणिक तो बराच बदलत होता, हेही तिथेच दिसले. वर्षाच्या सरासरीला ठीक असलेला आकडा एखाद्या महिन्याला लावला तर फसवतो. आणि पाण्याचे नियोजन तर महिन्याचे, आठवड्याचे करायचे असते.

कूलर मुंबईत का चालत नाही?

मग पाणी उडण्यामागचे विज्ञान थेट गणितात मांडायचे, हा पुढचा मार्ग. त्यासाठी तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही आपल्या रोजच्या अनुभवातल्या आहेत.

पहिली, उष्णता. एक लिटर घाम अंगावर वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात काम करणारा मजूर जगतो तो या थंडाव्यावर. तलावातले एक लिटर पाणी उडायलाही तेवढीच उष्णता लागते. विजेच्या भाषेत सुमारे ०.६८ युनिट. तलावाला ती मुख्यतः सूर्याकडून मिळते. त्यामुळे सूर्याने किती उष्णता दिली, त्यातली किती परतून गेली आणि किती पाण्यातच मुरली, हे कळले की बाष्पीभवनाला कमाल मर्यादा घालता येते.

दुसरी, हवेचा कोरडेपणा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मराठवाड्यात मे महिन्यात खोली गार करतो आणि मुंबईत तोच नुसती दमट हवा फेकतो. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर नवी वाफ सामावत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे सूत्रात बांधले होते.

तिसरी, वारा. ओले कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात, कारण कपड्यालगतची ओली हवा वारा बाजूला सारतो आणि कोरडी हवा आणून ठेवतो.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रातले हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली या तिन्हींना एकाच समीकरणात बसवले. ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा या चार नोंदी असल्या की पाण्याचे तापमान न मोजताही बाष्पीभवन काढता येऊ लागले. आजही जगभर हे समीकरण वेगवेगळ्या रूपांत वापरले जाते.

संगणक नेमके काय करतो?

पेनमन यांचे समीकरण कागदावरही सोडवता येते. मग संगणक कशाला? कारण मोठा तलाव म्हणजे एक पात्र नव्हे. त्याच्या एका काठाला वारा कोरडा असतो, दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत ओला झालेला असतो. उथळ भाग दुपारी तापतो, खोल भाग थंड राहतो. पातळी उतरली की काठ उघडे पडतात आणि क्षेत्रफळ घटते. संगणकीय मॉडेल तलावाचे छोटे छोटे चौकोन पाडते, पाण्याचे वरपासून तळापर्यंत थर कल्पिते आणि प्रत्येक तासाला प्रत्येक ठिकाणी उष्णतेची जमा-खर्च मांडते. त्याला खाद्य म्हणून हवामान केंद्रांच्या नोंदी, उपग्रहांनी टिपलेले पाण्याचे क्षेत्र आणि पृष्ठभागाचे तापमान, आणि जगभरच्या निरीक्षणांवरून तयार केलेली हवामानाची तासागणिक माहिती दिली जाते.

पाण्यात मुरलेल्या उष्णतेचा हिशेब का ठेवायचा, याचा धडा उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांनी दिला. त्यांतल्या सुपीरियर सरोवराची सरासरी खोली सुमारे १४७ मीटर. आपल्याला वाटेल, तिथेही सर्वाधिक बाष्पीभवन उन्हाळ्यात होत असेल. प्रत्यक्षात उन्हाळ्यात तिथले पाणी थंडगार असते, आणि वरच्या उबदार हवेतली वाफ कधी कधी उलट पाण्यावरच दवासारखी जमते. उन्हाळाभर सरोवर उष्णता साठवत राहते आणि शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्यात, कोरडे गार वारे सुटले की ती सोडते. खरे पाणी उडते ते तेव्हा. मॉडेल हे आधीपासून सांगत होती, पण सरोवराच्या मध्यावर थेट मोजमाप नव्हते. २००८ साली किनाऱ्यापासून दूर असलेल्या स्टॅनर्ड रॉक दीपगृहावर उपकरणे बसवली गेली. ती वाऱ्याचे वर-खाली होणारे झोत आणि त्यातली वाफ सेकंदाला अनेकदा टिपतात आणि किती वाफ वर गेली ते थेट सांगतात. मॉडेल कुठे बरोबर आहे आणि कुठे घसरते, हे तेव्हापासून ताडून पाहता येऊ लागले.

नाथसागराला सुपीरियरचा नियम लागू होत नाही. आठ मीटर सरासरी खोलीचे पाणी एप्रिल-मेच्या उन्हाला लगेच प्रतिसाद देते, म्हणून इथला सर्वांत मोठा खर्च ऐन टंचाईच्या महिन्यांतच होतो. एका तलावासाठी बसवलेले मॉडेल दुसऱ्यावर जसेच्या तसे ठेवता येत नाही, ते यामुळे.

अंदाजातली चूक किती माणसांची?

एक नमुना हिशेब मांडून पाहू. समजा मे महिन्याचा मध्य आहे. दिवसाचे सरासरी तापमान ३३ अंश, आर्द्रता ३० टक्के, वारा सेकंदाला ३ मीटर आणि आकाश निरभ्र. पेनमन यांच्या समीकरणात हे आकडे घातले की दिवसाला सुमारे १० मिलिमीटर उत्तर येते. पाणी ओसरून क्षेत्र २०० चौरस किलोमीटर उरले आहे असे धरू. म्हणजे त्या एका दिवसात २० लाख घनमीटर, अर्थात २०० कोटी लिटर पाणी हवेत गेले. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचे नियोजनाचे प्रमाण लावले, तर ते सुमारे दीड कोटी लोकांचे एका दिवसाचे पाणी झाले.

आता बाकी सारे तसेच ठेवून फक्त वारा निम्मा करा. उत्तर १० वरून साडेआठवर येते. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे ३० कोटी लिटरचा. तो सुमारे २२ लाख लोकांच्या एका दिवसाच्या पाण्याइतका भरतो. वाऱ्याची नोंद घेणारे यंत्र पाण्यावर आहे, की गावात इमारतीच्या आडोशाला, एवढ्याशा गोष्टीने हा फरक पडू शकतो. जागतिक हवामान नोंदींचा एकेक चौकोन सुमारे ३० किलोमीटरचा असतो आणि नाथसागराची लांबी सुमारे ५५ किलोमीटर. म्हणजे अख्खा जलाशय मोजक्या दोन-तीन चौकोनांत संपतो. शिवाय पातळीवरून क्षेत्र काढण्याचे कोष्टक जुने असेल आणि दरम्यान गाळ साचला असेल, तर गुणाकाराचा दुसरा आकडाही डळमळीत होतो. चांगले मॉडेल म्हणूनच एकच आकडा सांगत नाही. ‘साडेआठ ते दहाच्या दरम्यान’ असा पल्ला सांगते. रक्तदाब एकदाच मोजून आम्ही जन्माची गोळी सुरू करत नाही, तसेच हे आहे.

पडताळा कसा घ्यायचा?

आमच्याकडे न मोजता येणाऱ्या पाण्याचा पडताळा घ्यायचा एक खात्रीचा उपाय आहे. रुग्णाचे रोज वजन करायचे. तक्ता काहीही म्हणो, एका दिवसात वजन किलोभर उतरले तर शरीरातून साधारण लिटरभर पाणी गेले आहे. तलावाचे वजन म्हणजे त्याची पातळी. पाऊस नाही, आवक नाही, अशा दिवसांत पातळीत झालेली घट घ्या, त्यातून मोजून सोडलेले पाणी वजा करा, मग मॉडेलने सांगितलेले बाष्पीभवन वजा करा. काहीच उरले नाही तर हिशेब जुळला. उरले, तर ते पाणी कुठे गेले हा प्रश्न विचारता येतो. तळातून झिरपले? कालव्याच्या दारातून गळले? की काठावरच्या मोटारींनी नोंद न करता उपसले?

या आकड्याचे खरे महत्त्व मला इथे वाटते. बाष्पीभवनाचा स्वतंत्र अंदाज नसला, की ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळे पाणी ‘उन्हाने नेले’ असे लिहून मोकळे होता येते. ऊन तक्रार करत नाही. गळती आणि अनधिकृत उपसा या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आहेत, ऊन नाही. दोन्ही एकाच रकान्यात गेले, की दुरुस्त होणारे दुखणेही असाध्य म्हणून सोडून दिले जाते.

पाण्याच्या वाटपातही या आकड्याला वजन आहे. नाईल नदीच्या पाण्याबद्दल इजिप्त आणि सुदान यांच्यात १९५९ साली करार झाला. वर्षाचा सरासरी प्रवाह ८४ अब्ज घनमीटर धरला गेला. त्यातले १० अब्ज अस्वान धरणाच्या जलाशयातल्या बाष्पीभवनासाठी आणि इतर घटीसाठी आधीच बाजूला काढले, आणि उरलेल्यातले ५५.५ अब्ज इजिप्तला व १८.५ अब्ज सुदानला, अशी विभागणी झाली. दोन देशांनी उन्हाला तिसरा वाटेकरी मानले, असेच म्हणायला हवे. आपल्याकडे मेंढेगिरी समितीच्या शिफारशींतून जायकवाडीतल्या ६५ टक्के साठ्याचे सूत्र आले. तेव्हापासून वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ आली की नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात वाद पेटतो. त्या वादात वाटेतली आणि जलाशयातली घट हा मुद्दा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने मांडतात. रोजचा, पडताळलेला आणि सर्वांना पाहता येणारा अंदाज असेल, तर निदान या एका मुद्द्यावर आवाज चढवण्याची गरज उरणार नाही.

मागे राहते ते काय?

पाणी उडते तेव्हा शुद्ध पाणीच उडते. त्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट, इतर द्रव्ये मागे राहतात. बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर हे याचे टोकाचे रूप. उल्कापाताने झालेल्या या खोलगट विवरातून पाण्याला वाहून जायला वाट नाही. ऊन हाच मुख्य मार्ग. म्हणून पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. पाणी आटून क्षारता वाढल्याने त्यांना ते दिवस मानवले होते.

पिण्याच्या पाण्याचे धरण लोणारइतके खारट होत नाही, कारण दर पावसाळ्यात ते धुऊन निघते. पण उन्हाळ्याच्या शेवटी साठा तळाला गेला की उरलेल्या पाण्यात क्षार आणि गाळ यांचे प्रमाण वाढते, उथळ कोमट पाण्यात शेवाळ माजते. नील-हरित शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विषे सोडतात. अशा वेळी पाणी उकळून प्यावे, जंतू मरतात. मात्र उकळल्याने क्षार, नायट्रेट आणि शेवाळाची ही विषे जात नाहीत, हे घरोघरी ठाऊक असायला हवे. तान्ह्या बाळाला वरचे दूध पाण्यात कालवून दिले जात असेल, तर जास्त नायट्रेटचे पाणी त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. साठा किती खाली जाईल हे मॉडेल दोन महिने आधी सांगू शकत असेल, तर जलशुद्धीकरण केंद्राला तपासण्या वाढवायला आणि आरोग्य विभागाला सावध व्हायला तेवढा वेळ मिळतो.

वाढता खर्च

हा खर्च जगभर वाढतो आहे. २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात १४ लाख २० हजार तलाव-जलाशयांचा, १९८५ ते २०१८ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपग्रहांच्या नोंदी आणि मॉडेल यांच्या आधारे केलेल्या या अभ्यासात वर्षाला सुमारे १५०० घनकिलोमीटर पाणी उडते, असे आढळले. म्हणजे काठोकाठ भरलेले नाथसागर पाचशेहून अधिक. शिवाय हा आकडा दरवर्षी सुमारे ३ घनकिलोमीटरने वाढत होता. माणसाने बांधलेल्या जलाशयांत एकूण साठवणीचा जेमतेम ५ टक्के भाग, पण बाष्पीभवनात त्यांचा वाटा १६ टक्के. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तापलेल्या जगात उघडे पाणी साठवणे महाग पडत जाणार.

यावर रामबाण औषध नाही. पाण्यावर रासायनिक पदार्थाचा पातळ पापुद्रा पसरण्याचे प्रयोग झाले आहेत, पण मोठ्या जलाशयावर वारा तो फाडून टाकतो. तरंगत्या सौरपट्ट्यांनी जेवढे क्षेत्र झाकले जाईल तेवढ्यापुरता फायदा होतो. मात्र मॉडेल हातात असेल तर साधे निर्णय शहाणपणाने घेता येतात. दोन जलाशयांतले पाणी वापरायचे असेल, तर पसरट जलाशयातले आधी वापरावे आणि खोल जलाशयातले मेपर्यंत राखावे. उन्हाळ्याचे आवर्तन कधी सोडायचे, हे ठरवताना वाट पाहण्यात किती पाणी उडेल तेही मोजावे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात विंधन विहिरीचे पाणी भरून ठेवताना, जमिनीच्या पोटात सावलीत असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो आहोत, हेही त्याच समीकरणाने दाखवता येते.

धरणांच्या साठ्याचे आकडे वर्तमानपत्रात रोज येतात: टक्केवारी, आवक, विसर्ग. त्यांच्या शेजारी आणखी एक ओळ असावी. काल उन्हाने किती नेले, त्या अंदाजाचा पल्ला किती, आणि पातळीशी ताडून पाहिल्यावर किती पाण्याचा पत्ता लागला नाही. ती ओळ रोज वाचायची सवय लागली, तर मार्चमध्येच लोक विचारू लागतील की एवढे पाणी गेले कुठे. मेमध्ये टँकरच्या रांगेत उभे राहून तो प्रश्न विचारण्यापेक्षा ते बरे.